समोरची पार्टीही आपलीच: तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्याकडे ज्युनिअर म्हणून आली. वकिलीची सनद नुकती मिळालेली, कोटाची इस्त्रीही अजून मोडली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी साताऱ्याच्या जिल्हा कोर्टातून संध्याकाळी परत आले, तर टेबलावर एक नवी फाईल, दोरी बांधलेली. कारकुनानं ठेवून घेतलेली. मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, यातल्या प्रतिवादी नंबर तीन तुमच्या मावसबहीण आहेत म्हणे. बाहेरचे चहावाले म्हणत होते."

चहावाल्याचं बरोबर होतं. फाईल दोरी न सोडता परत गेली. पण जे चहावाल्याला माहीत ते माझ्या ऑफिसला माहीत नाही, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. मी तिला विचारलं, "वही बघितली होती का?" ती म्हणाली, "कुठली वही?"

तेव्हा त्या वहीबद्दल, आणि तिच्या निमित्तानं बाकीच्याही गोष्टींबद्दल. मी कोरेगावला 24 वर्षं वकिली करते. आमचा तालुका म्हणजे इकडं किन्हई, एकंबे, कुमठे, तिकडं रहिमतपूर, वर वाठार स्टेशन आणि पिंपोडे. प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा. पुण्या-मुंबईच्या वकिलाला समोरची पार्टी कोर्टातच पहिल्यांदा दिसते. आम्हाला ती लग्नात, दशक्रियेला आणि बाजारात भेटून झालेली असते. कायदा शिकवणारे पुष्कळ आहेत. या पाहुणचारात वकिली कशी करायची ते मात्र कुणी लिहून ठेवलेलं मी तरी पाहिलं नाही.

वही

वही म्हणजे साधी लांब दोनशेपानी, किराणा दुकानात उधारीला असते तशी. ती सुरू झाली माझ्या एका चुकीतून.

2004 साली एका बाईंना मी नोटीस लिहून दिली होती. वडील गेल्यावर भावांनी वारसनोंदीत त्यांचं नाव लावलं नव्हतं. फी साडेतीनशे रुपये. नोटीस गेली, बाई परत आल्या नाहीत, मीही विसरले. दीड वर्षानं एक गृहस्थ वाटपाच्या दाव्याचं समन्स घेऊन आले. मी वकीलपत्र घातलं, कैफियत, म्हणजे दाव्याचं लेखी उत्तर, टायपिंगला दिली. तारखेला वादीच्या वकिलांनी कागदयादीतला चार नंबरचा कागद न्यायाधीश साहेबांपुढे ठेवला. वादी बाईंची नोटीस, खाली माझी सही. बाई दाव्यात सासरच्या आडनावानं आल्या होत्या, नोटिशीत माहेरचं आडनाव होतं. साहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. वकीलपत्र मागं घेण्याचा अर्ज मी तिथल्या तिथं हातानं लिहिला, घेतलेली फी परत केली. बाईंनी मनात आणलं असतं तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 35 खाली माझी चौकशी लागली असती.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 33 वा नियम सरळ आहे. दावा दाखल करण्याबद्दल तुम्ही कुणाला सल्ला दिला असेल, कुणाचा दावा किंवा कैफियत लिहून दिली असेल, कुणासाठी उभे राहिला असाल, तर त्याच बाबीत विरुद्ध बाजूनं उभं राहायचं नाही. नुसता सल्लाही त्यात आला. वकीलपत्र झालं नव्हतं, फी दिली नव्हती, ही सबब चालत नाही.

आता वहीतले रकाने. तारीख. पक्षकाराचं पूर्ण नाव. बाई असेल तर माहेरचं नाव आणि माहेरचं गाव, हे मी लाल शाईनं लिहिते. मग गाव आणि गट नंबर, माहीत असला तर जमिनींच्या एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबरही. मग चतुःसीमा: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. समोरची पार्टी. विषय एका शब्दात: वाटप, रस्ता, चेक, पोटगी. शेवटी काय झालं: घेतलं, नाही घेतलं, विचारून गेले. "विचारून गेले" या नोंदी सगळ्यांत महत्त्वाच्या, आणि नेमक्या त्याच लिहायच्या राहतात, कारण त्यांची फाईल होत नाही.

गट नंबर कशाला, असं त्या मुलीनं विचारलं. आमच्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एक, आणि आजोबाचं नाव नातवाला. नावावरून शोधायला गेलात तर एका नावाची चार माणसं निघतात आणि नेमकं पाचवं तुमच्यापुढं बसलेलं असतं. जमीन मात्र जागची हलत नाही. फक्त पोटहिस्से पडत जातात, म्हणून 318/2/अ असं असलं तरी शोधायचं 318 वर. चतुःसीमा यासाठी की बांधाचं भांडण म्हटलं की समोरची पार्टी शेजारच्या गटातूनच येणार. आज ज्यांच्या वाटपात तुम्ही आहात, त्यांच्याच बांधाला लागून असलेला माणूस उद्या रस्त्याचं प्रकरण घेऊन येईल. तो अगदीच परका असला तर घ्यायलाही हरकत नाही. पण आपण कुठं पाय टाकतोय ते आधी कळलं पाहिजे.

ज्युनिअरनं आता हे सगळं कॉम्प्युटरवर चढवलंय. शोधायला सोपं जातं, हे मान्य. वही मी तरी ठेवतेच. लाईट गेली तरी ती उघडते.

नवा माणूस आला की कागद हातात घेण्याआधी चार प्रश्न. जमीन आधी कुणाच्या नावावर होती? बहिणी किती आणि कुठं दिल्यात? याआधी कुठल्या वकिलाकडं जाऊन आलात? आणि खर्च कोण करतंय? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ जण चमकतात. पण दावा म्हाताऱ्याचा आणि पैसे पुतण्याचे असले तर सूचना कुणाच्या ऐकायच्या ते पहिल्या दिवशीच ठरवावं लागतं. सूचना म्हाताऱ्याच्या. पुतण्या बाहेर बाकावर.

नाही कसं म्हणायचं

मोठ्या शहरात नाही म्हणणं सोपं असतं. इथं तुम्ही धाकट्या भावाला म्हणालात, "तुमचे थोरले आधीच माझ्याकडे येऊन गेलेत," की थोरल्याचं गुपित फुटलं. आणि तुम्ही काहीच कारण न देता नाही म्हणालात तरी धाकटा पायरी उतरताना म्हणतोच, "म्हंजी दादा येऊन गेला वाटतं."

यावर मी उपाय केला तो असा. माझं नकाराचं वाक्य एकच आहे आणि ते मी सगळ्यांना तेच सांगते: "हे काम मला घेता येणार नाही, आणि कारण मी कधीच सांगत नसते." काम जास्त झालंय म्हणून नाही म्हणते तेव्हाही हेच, पार्टी पटली नाही तेव्हाही हेच, मावसबहिणीच्या वेळीही हेच. पाच-सात वर्षांत तालुक्याला सवय झाली. वाक्यातून कुणाला काही हाती लागत नाही. पुढं दोन-तीन वकिलांची नावं सांगायची, एकच नाव सांगायचं नाही. एकच सांगितलं की तुमचं त्यांच्याशी काहीतरी ठरलेलं आहे, असं होतं.

नात्याबद्दल एक खुलासा. समोरची पार्टी नातेवाईक असली तर प्रकरण घ्यायचंच नाही, असा नियम नाही. न्यायाधीश तुमचा बाप, भाऊ, सासरा, मेहुणा अशा जवळच्या नात्यातला असेल तर त्याच्यापुढं उभं राहता येत नाही, तो नियम आहे. समोरच्या पार्टीच्या बाबतीत आपल्या माणसाला आधीच सांगायचं, आणि आपल्यालाच उलटतपासात हात आखडावा लागेल असं वाटलं तर सोडायचं. मावसबहिणीला साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात "तुम्ही खोटं बोलताय" असं मी म्हणू शकले नसते. म्हणाले असते तर दिवाळी गेली असती, नसते म्हणाले तर पक्षकार गेला असता.

आणखी एक फेरा आहे, तो फक्त लहान गावात येतो. भांडण झालं तेव्हा तुम्ही स्वतः तिथं होता. भावकीच्या बैठकीत बसला होता, किंवा मोजणीच्या वेळी बांधावर उभे होता. साक्षीदार व्हावं लागेल असं दिसत असलं तर ते वकीलपत्र घ्यायचं नाही. म्हणून मी मोजणीला कधी जात नाही. "वकीलबाई, नुसत्या या, सावलीत बसा" असं म्हणतात. सावलीत बसलेलीही साक्षीदारच.

बहीण-भाऊ एकाच गाडीतून येतात तेव्हा

हे प्रसंग इतके येतात की वेगळं लिहायला हवं. भाऊ पुढं, बहीण मागं, पदर डोक्यावर. भाऊ म्हणतो, "हक्कसोडपत्र करायचंय. ताईची काय हरकत न्हाय." मी ताईंना विचारते, त्या तोंड उघडायच्या आत भाऊ उत्तर देतो. मी चहा सांगते आणि भावाला सांगते की झेरॉक्सला जाऊन या, सातबाऱ्याच्या दोन प्रती लागतील. प्रती लागत नसतात.

दहा मिनिटांत ताईंना तीन गोष्टी सांगायच्या. एक, हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानं सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार आहे, आणि वडील 9 सप्टेंबर 2005 ला हयात असायलाच हवे होते असं काही नाही, हे सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. दोन, नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागं घेणं फार अवघड. तीन, मी तुमच्या भावाकडून फी घेत असेन तर तुमची वकील मी नाही. दुसरा सल्ला घ्या. पैसे नसतील तर विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो आणि उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 आहे.

बऱ्याच ताई सगळं ऐकून म्हणतात, "करूया बाई, माहेर तुटायला नको." तो त्यांचा निर्णय. त्यात मला त्यांचं चुकतंय असंही म्हणवत नाही. मी फक्त वहीत लिहिते की एकटीला सांगितलं, तारीख आणि वेळ. दस्त दुसऱ्या दिवशी. त्याच दिवशी कधीच नाही.

एकदा एक ताई मी बोलत असताना अर्ध्यातच उठल्या, बाहेर गेल्या आणि भाऊ झेरॉक्सवरून यायच्या आत एसटीनं सासरी निघून गेल्या. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.

पंगतीतला सल्ला

लग्नात जेवायला बसलं की शेजारचा वाकतो. "एकच विचारायचं हुतं." एकच कधी नसतं. इथं चूक दोन प्रकारे होते. अर्धवट ऐकून दिलेलं उत्तर गावभर "वकीलबाई म्हणाल्या" म्हणून फिरतं. आणि वर सांगितलं तसं, तुम्ही सल्ला दिलात तर त्या बाबीत तुम्ही अडकलात. त्याच पंगतीत दोन पानं सोडून समोरची पार्टी बसलेली असते.

उत्तर द्यायचं नाही आणि मानही राखायचा. मी म्हणते, "कागद बघितल्याशिवाय मला काही समजत नाही, आता वय झालं." हे पस्तिशीत असल्यापासून म्हणते. एकच अपवाद ठेवलाय: मुदत जातेय असं वाटलं तर मुदतीपुरतं बोलायचं. कुणी म्हणालं चेक परत आलाय, तर घास थांबवून विचारायचं, बँकेचा मेमो कधी मिळाला. मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, ते संपल्यापासून एका महिन्यात फिर्याद. यातला एक टप्पा चुकला की पुढचं सगळं विलंबमाफीच्या अर्जावर किंवा देवावर.

भिंती

माझ्या ऑफिसच्या आतल्या खोलीची भिंत प्लायवूडची होती. बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतलं सगळं ऐकू जायचं, हे मला कळायला तीन वर्षं लागली. बाहेर बसलेल्या आजींनी एकदा आतल्या बाईला जाताना थांबवून सांगितलं, "सोड त्याला, माझ्या लेकीचंबी असंच झालं." विटांची भिंत त्या महिन्यात बांधली. तुम्हाला जमत नसेल तर बाहेर रेडिओ लावा.

पक्षकारानं सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, हे भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 132 मध्ये आहे, पूर्वी पुरावा कायद्यात 126 होतं. कारकून आणि नोकरांनाही ते लागू आहे. माझ्या कारकुनाला मी ते कलम मराठीत वाचून दाखवलं आणि विचारलं, चहावाल्याला काय सांगायचं? तो म्हणाला, "चहा." बेकायदा कामासाठी सल्ला मागितला असेल तर हे संरक्षण नाही, तेही त्याला सांगितलं.

बाकी गळती कुठून होते ते लक्षात ठेवा. फाईलच्या पाठीवर मोठ्या अक्षरात नावं असतात, टेबलावर ती उपडी ठेवायची. व्हॉट्सअॅपवर पक्षकार कागद पाठवतो, आपण तो झेरॉक्सवाल्याला पुढं पाठवतो प्रिंटसाठी, आणि त्याच्या कॉम्प्युटरवर तालुक्याचे सगळे घटस्फोट एका फोल्डरमध्ये साठलेले असतात. साधा प्रिंटर घ्या. पोटगीच्या आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात बाईला फोन करायची वेळ आधी विचारून घ्या. फोन नवरा उचलतो.

समोरच्या वकिलाबरोबर चहा

बाररूम एक, डबे एकत्र. सकाळी निशाणी 5 च्या ताकीद अर्जावर, म्हणजे तात्पुरती मनाई मागणाऱ्या अर्जावर, आम्ही एकमेकांच्या अंगावर ओरडतो आणि दुपारी मी त्यांच्या घरचं मेथीचं थालीपीठ खाते. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. दारात उभ्या असलेल्या पक्षकाराला मात्र वाटतं. तो गावात जाऊन सांगतो, "वकील मॅनेज झाला."

यावर उपाय पहिल्या भेटीतलाच. मी सांगून टाकते, "समोर कुठलाही वकील आला तरी मी त्याच्याबरोबर चहा पिणार. तुमचं काय चाललंय ते चहात बोलणार नाही." आणि दुसरं, प्रत्येक तारखेला काय झालं ते दोन ओळींत त्याच दिवशी पक्षकाराला कळवायचं. रोजनामा, म्हणजे त्या तारखेच्या कामाची नोंद, ई-कोर्ट्सच्या साईटवर प्रकरणाचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि अंक मिळून 16) टाकला की दिसतो. पक्षकाराला तो नंबर कार्डावर लिहून द्या, त्याचा नातू मोबाईलवर बघतो. मॅनेज झाल्याचा संशय येतो तो तारीख का पडली ते कुणी सांगितलं नाही म्हणून.

तडजोड मात्र चहावर ठरवायची नाही. पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय काही कबूल करायचं नाही, पुरशिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यायची तर तिच्यावर त्याची सही. लोक अदालतीत तडजोड झाली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच आणि त्यावर अपील नाही, हे सही करण्याआधी सांगायचं. नंतर सांगितलं तर ती धमकी वाटते.

एखादा पक्षकार दुसऱ्या वकिलाकडून तुमच्याकडे आला तर त्या वकिलांची ना-हरकत घेतल्याशिवाय वकीलपत्र घालू नका. ती देत नसतील तर कोर्टाची परवानगी मागा. आणि तुमच्याकडून कुणी गेला तर फाईल द्या. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. मी फाईल देते, कागदांची यादी करून त्यावर पोच घेते, आणि बाकी फी वेगळी मागते. मिळते कधी कधी.

फी

नव्या वकिलाला फी मागायची लाज वाटते. समोर शाळेतले गुरुजी, काकांचे मित्र. "देऊ की, कुठं पळून चाललोय?" पळून कुणी जात नाही, ते खरंय. देतंही कुणी नाही.

आमच्याकडे पैसा येतो तो उसाच्या बिलाला. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते कधी मिळतात ते शेतकऱ्यालाच विचारा. म्हणून मी फी तीन हप्त्यांत ठरवते: वकीलपत्राला, कोर्टानं वादाचे मुद्दे काढल्यावर आणि पुरावा सुरू होताना, आणि तारखा गळीत हंगाम बघून लावते. सगळं एका कागदावर, दोघांच्या सह्या. कोर्ट फी, टायपिंग, नकला, प्रवास हा खर्च वेगळा लिहायचा. नाहीतर दिलेले सगळे पैसे "फीला दिले" होतात. प्रत्येक रुपयाला पावती. आलेल्या वाघ्या घेवड्याच्या पिशवीला पावती नाही, पण तिला फीमधून वजाही करायचं नाही. ती पिशवी पिशवीच.

"जिंकलो तर दोन गुंठे तुमच्या नावावर करतो," असं बोलणारे भेटतात. निकालावर फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा घ्यायला 20 व्या नियमानं मनाई आहे. ज्या दाव्यात वकील होतो त्याच्या दरखास्तीतल्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतल्या, लिलावात बोलीही लावायची नाही. पक्षकाराला कोर्टखर्चासाठी उसने पैसे द्यायचे नाहीत, हाही नियम आहे, आणि लहान गावात तो सगळ्यांत जास्त मोडला जातो तो दयेपोटी. मी एकदा मोडलाय. त्यानंतर त्या माणसाला मी वकील कमी आणि सावकार जास्त वाटू लागले. तारखेला यायचाच बंद झाला.

भूसंपादनाचा मोबदला कोर्टातून निघतो तेव्हा रक्कम थेट पक्षकाराच्या खात्यात जाईल असाच अर्ज करा. स्वतःच्या खात्यावर एक दिवससुद्धा नको.

पाटीबद्दल आणि जाहिरातीबद्दल थोडक्यात. 36 व्या नियमानं जाहिरात बंद आहे, पाटी बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर अमुक विषयातले तज्ज्ञ असं लिहायचं नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल घातलेल्या चेहऱ्याखाली 'अॅड.' छापतात, त्यावर मी काय बोलू.

सगळ्यातलं थोडं

इथल्या वकिलाला सकाळी जामीन, दुपारी तहसीलदार, संध्याकाळी पतसंस्थेची नोटीस. कुठं जायचं हेच चुकलं तर वर्षं जातात. रस्त्याचं उदाहरण घ्या. असलेला वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार कोर्ट अॅक्ट 1906 चं कलम 5, तहसीलदारापुढं, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नाही आणि बांधावरून नवा मागायचाय, तर महसूल संहितेचं कलम 143. पुष्कळ नवे वकील 143 खाली "जुना रस्ता अडवला" असं लिहितात आणि अर्ज तिथंच लोळतो. पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न इतकाच: या वाटेनं शेवटची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कधी गेला? उत्तरात तारीख सांगितली तर कलम 5, "कधीच न्हाय, डोक्यावरनंच माल काढतो" म्हणाले तर 143. फेरफाराविरुद्ध, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाविरुद्ध, प्रांतांकडं अपील 60 दिवसांत. आदेशाची तारीख वेगळी, तो कळल्याची वेगळी. दोन्ही लिहून ठेवा.

जे येत नाही ते कुणाकडं पाठवायचं तेही ठरवून ठेवा. मी करविषयक काही घेत नाही. मोटार अपघाताचे दावे साताऱ्याला पाठवते.

अपिलाच्या बाबतीत आमचं आयुष्य बदललं ते 18 ऑगस्ट 2025 ला. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आदल्या दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. वकिलांची मागणी चाळीसहून जास्त वर्षांची. आधी दुसऱ्या अपिलाचं नाव काढलं की पक्षकार विचारायचा, "मुंबईला राहायचं कुठं?" आणि तिथंच अपील संपायचं. आता सकाळी निघालेला माणूस रात्री घरी येतो. याचा एक परिणाम असा झालाय की पूर्वी जे हरल्यावर गप्प बसायचे ते आता अपील करतो म्हणतात. तेव्हा निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. जिल्हा कोर्टात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. नकलेला लागलेले दिवस वजा होतात, पण अर्ज टाकायच्या आधी गेलेले दिवस होत नाहीत. कोल्हापूरच्या वकिलाला फाईल देताना फक्त कागद देऊ नका, एका पानावर टिपण द्या: वंशावळ, गट, कोणत्या साक्षीदारानं काय कबूल केलं, आणि पक्षकाराला काय हवंय. ते शेवटचं टिपणाशिवाय कुणालाच कळत नाही.

पॅनेलचा, म्हणजे एखाद्या संस्थेचा नेमलेला वकील होण्याचा, मोह सगळ्यांना होतो. पतसंस्था, कारखाना, बाजार समिती. महिन्याचा पैसा ठरलेला. पण एका मोठ्या संस्थेचं पॅनेल घेतलं की तिच्या सभासदांची तिच्याविरुद्धची कामं गेली, आणि तालुक्यात सभासद नसलेला माणूस शोधावा लागतो. मी एक पॅनेल चार वर्षं केलं. त्या चार वर्षांत वहीत "नाही घेतलं" हे शब्द सगळ्यांत जास्त आहेत. पैसे मोजले तर फायद्यात होते की तोट्यात, ते मला आजही सांगता येणार नाही. सोडलं ते एका म्हाताऱ्या जामीनदारामुळं. ते माझ्या वडिलांचे पैरा करणारे, म्हणजे शेतीकामात एकमेकांना हात देणारे होते, आणि वसुलीच्या नोटिशीवर सही माझी होती.

ती ज्युनिअर येत्या पाडव्याला स्वतःचं ऑफिस टाकतेय, कोर्टासमोरच, रस्त्याच्या पलीकडं. जाताना तिनं विचारलं, वहीची प्रत मिळेल का. नाही मिळणार, त्यात माझ्या पक्षकारांची गुपितं आहेत. पण तिनं माझ्याकडे ज्या फाईलवर काम केलं, दावे लिहिले, पक्षकारांशी बोलली, तेवढ्यांच्या विरुद्ध तिलाही उभं राहता येणार नाही. रस्ता ओलांडला म्हणून डोक्यातलं पुसत नाही. तेव्हा एका रविवारी बसून आम्ही तेवढीच नावं काढली आणि तिनं तिच्या स्वतःच्या नव्या वहीत ती उतरून घेतली. गाव, गट, चतुःसीमा, माहेरची नावं लाल शाईनं. एकशे बारा झाली.

एकशे तेरावी नोंद तिनं आपल्या मनानं केली. माझ्या मावसबहिणीचा गट नंबर, आणि पुढं: "दोरी सोडली नाही."